घोडं नेमकं अडलंय कुठे?

प्रश्न : युरोपीय संघात जाण्यासाठी मॅसिडोनियानं स्वतःचं नावसुद्धा बदललं. तरी तो देश अजून बाहेरच कसा?

उत्तर : राजधानी स्कोप्येच्या मुख्य चौकात ब्राँझचा एक घोडा मागच्या दोन पायांवर उभा आहे, पाठीवर तलवार उगारलेला स्वार. हा सिकंदर, हे तिथलं शेंबडं पोरही सांगेल. सरकारदरबारी मात्र त्याचं नाव ‘अश्वारूढ योद्धा’. २०११ साली पुतळा बसला तेव्हा खरं नाव घ्यायची चोरी होती, कारण दक्षिणेचा शेजारी ग्रीस. मॅसिडोनिया हे ग्रीसच्या उत्तर भागाचंही नाव. सिकंदर आमचा आणि नावही आमचं, असं ग्रीसचं म्हणणं. म्हणून १९९३ पासून संयुक्त राष्ट्रांत या देशाला ‘माजी युगोस्लाव्ह मॅसिडोनिया प्रजासत्ताक’ अशा लांबलचक नावानं बसावं लागलं.

२००५च्या डिसेंबरात संघानं त्याला उमेदवाराचा दर्जा दिला; पुढे ग्रीसनं वाट अडवून धरली. अखेर जून २०१८ मध्ये प्रेस्पा सरोवराकाठी करार झाला आणि पुढच्या फेब्रुवारीत देश ‘उत्तर मॅसिडोनिया’ झाला. नाव बदलणं म्हणजे नुसती पाटी रंगवणं नव्हे. गाड्यांच्या नंबरप्लेटवरची अक्षरं बदलली आणि जुन्या नावाचे पासपोर्ट फेब्रुवारी २०२४ मध्ये रद्द झाले. प्रवास असो वा नसो, लोकांना नव्या पासपोर्टसाठी रांगा लावाव्या लागल्या.

मोबदल्यात नाटोचं सदस्यत्व मार्च २०२० मध्ये मिळालं. संघाचं दार मात्र उघडेना. ऑक्टोबर २०१९ मध्ये फ्रान्स आडवा आला : आधी विस्ताराची पद्धत सुधारा, मग बघू. ती सुधारली, तर २०२०च्या नोव्हेंबरात पूर्वेचा शेजारी बल्गेरिया उठला.

बल्गेरियाचं दुखणं ग्रीसपेक्षा खोल आहे. १९९२ साली या देशाला सर्वांआधी मान्यता दिली ती बल्गेरियानंच. पण तिथली भाषा स्वतंत्र नाही, ती बल्गेरियनचीच बोली, हा त्याचा हेका कायम आहे. (भाषा की बोली हा वाद किती हातघाईवर येतो, हे मराठी वाचकाला वेगळं सांगायला नको.) गोत्से देल्चेव्ह हा क्रांतिकारक तर दोघांनाही आपलाच वाटतो. २०२२ मध्ये फ्रान्सनं तडजोड काढली : वाटाघाटी औपचारिकपणे सुरू करा, पण पुढे सरकायचं तर राज्यघटनेत बल्गेरियन समाजाचा उल्लेख घाला. २०२१च्या जनगणनेत सुमारे १८ लाख ३७ हजार वस्तीत स्वतःला बल्गेरियन म्हणवणारे होते साडेतीन हजार. एवढ्यांसाठी १२० जणांच्या संसदेत दोन तृतीयांश मतं हवीत.

ती जमली नाहीत. २०२४ मध्ये सत्तेवर आलेले पंतप्रधान ह्रिस्तियान मित्स्कोस्की म्हणतात, घटना बदलू, पण अंमल संघात शिरताना. हा हटवादीपणा वाटेल; मला त्यात तथ्य दिसतं. संघाच्या वाटाघाटींत कायद्यापासून शेतीपर्यंत तीसहून अधिक प्रकरणं असतात. प्रकरणांचा प्रत्येक गट उघडताना आणि प्रत्येक प्रकरण मिटवताना सर्व सदस्यांची संमती लागते. म्हणजे एकट्या शेजाऱ्याच्या हाती नकाराच्या डझनावारी संधी. आज घटना बदलली आणि उद्या नवी अट आली, तर दाद कुणाकडे मागायची?

अर्थात सगळं खापर शेजाऱ्यांवर फोडून चालणार नाही. न्यायव्यवस्था आणि भ्रष्टाचार यांवरून ब्रसेल्सचे अहवाल स्कोप्येला दरवर्षी बोल लावतातच. शिवाय मे २०२४ मध्ये नव्या राष्ट्राध्यक्षांनी शपथ घेताना देशाला नुसतं ‘मॅसिडोनिया’ म्हटलं आणि ग्रीसच्या राजदूत समारंभातून उठून गेल्या.

या सगळ्या ओढाताणीत शेजारचा अल्बानियाही अडकून पडला होता. दोन्ही देशांच्या फायली एकत्र बांधलेल्या होत्या. २०२४च्या सप्टेंबरात गाठ सुटली आणि ऑक्टोबरात अल्बानियानं प्रकरणांचा पहिला गट उघडलासुद्धा.