हापूसची पेटी का अडली?

मुलांनो, मे महिना आला की आपण हापूसच्या पेटीची वाट पाहतो. 2014 साली मात्र ती आली नाही. 1 मे 2014 पासून युरोपियन युनियनने भारतातून येणाऱ्या आंब्यांवर बंदी घातली. तेव्हा ब्रिटन युनियनमध्ये होते, म्हणून आमरसाची तहान आम्ही डब्यातल्या रसावर भागवली! वांगी, कारली, पडवळ आणि अळूही अडले.

कारण काय? 2013 साली भारतातून युरोपात आलेल्या फळे-भाज्यांच्या 207 खेपांत किडी सापडल्या होत्या. फळमाशी आंब्याच्या सालीखाली अंडी घालते. वरून आंबा पिवळाधमक, आत अळी! ती माशी इथे पसरली तर काचघरांतल्या टोमॅटो-काकडीचे काय होईल, ही इथली भीती. तिकडे देवगड-रत्नागिरीच्या बागायतदारांचा जेमतेम दोन-तीन महिन्यांचा हंगाम, तो बुडण्याची चिंता. दोघांचेही म्हणणे खरेच.

मग निवाडा कसा करायचा? 1995 साली सुरू झालेल्या जागतिक व्यापार संघटनेचा नियम सांगतो: आपली पिके वाचवण्याचा हक्क प्रत्येक देशाला आहे, पण बंदीला शास्त्राचा आधार हवा, आणि गरजेपेक्षा जास्त अडवणूक नको.

इथे व्यापार-धोरणाच्या अभ्यासकांचे काम येते. माल किती येतो, बंदीने कोणाचे किती नुकसान होते, दुसरा उपाय आहे का, हे ते शोधतात. आंब्याला उपाय होता: तासभर 48 अंश सेल्सिअसच्या गरम पाण्यात ठेवणे. सप्टेंबर 2014 मध्ये युरोपच्या तपासनिसांनी भारतात जाऊन सुधारणा पाहिल्या. जानेवारी 2015 मध्ये बंदी उठवण्याचे ठरले, आणि त्याच हंगामात पेटी परत आली.

2020 साली ब्रिटन युनियनमधून बाहेर पडले. आता ते आपले करार स्वतः करते. भारताशी 24 जुलै 2025 रोजी केला. या कामासाठी अर्थशास्त्र, संख्याशास्त्र, कायदा शिकावा लागतो. आणि मराठी? आकडे लंडनमध्ये मिळतील. पण बागेत नेमकी अडचण काय, हे देवगडच्या काकांना त्यांच्याच भाषेत विचारावे लागेल.

शब्दार्थ
खेप – एका वेळी पाठवलेला माल
निवाडा – निर्णय
धोरण – सरकारने ठरवलेली दिशा

स्वाध्याय
1. आंबे कोणत्या किडीमुळे अडले?
2. तुम्ही अधिकारी असता तर पेटी सोडली असती का? पाच ओळी लिहा.
3. आई-बाबांसह: घरातली फळे कोणकोणत्या देशांतून आली, त्याची यादी मराठीत करा.