पुस्तकाआधीचे वर्तमानपत्र



मार्क ट्वेनच्या प्रवासलेखांची प्रथम प्रसिद्धी, म्हणजे लेख पहिल्यांदा छापून वाचकांच्या हाती पडला तो प्रसंग, शोधू पाहणाऱ्याने ‘द इनोसन्ट्स अब्रॉड’ हे १८६९ चे पुस्तक आरंभी बाजूला ठेवावे, कारण त्यातील बराचसा मजकूर दोन वर्षे आधीच वर्तमानपत्रांत येऊन गेला होता. ‘क्वेकर सिटी’ ही आगबोट ८ जून १८६७ रोजी न्यूयॉर्कहून युरोप व पॅलेस्टाइनच्या सफरीला निघाली, तेव्हा ट्वेनचे १२५० डॉलरचे भाडे सॅन फ्रान्सिस्कोच्या ‘डेली आल्टा कॅलिफोर्निया’ या दैनिकाने भरले होते, आणि त्याच्या बदल्यात त्याने वाटेवरून पत्रे धाडायची होती; काही थोडी पत्रे न्यूयॉर्कच्या ‘ट्रिब्यून’ व ‘हेराल्ड’ या पत्रांकडेही गेली.

पत्राच्या माथ्यावर असलेली तारीख लेखनाची असते, छपाईची नव्हे, हे येथे विशेष ध्यानात ठेवावे. अमेरिकेच्या दोन किनाऱ्यांना जोडणारा लोहमार्ग १८६९ मध्ये पुरा झाला. त्यापूर्वी भूमध्य समुद्रावरून निघालेले टपाल सॅन फ्रान्सिस्कोला पोहोचून छपाईचे खिळे जुळेपर्यंत आठवडेच्या आठवडे जात. शिवाय त्या काळी संपादकांना एकमेकांकडे आपले अंक विनामूल्य पाठवता येत आणि त्यांतला आवडलेला मजकूर ते बेधडक उचलीत, त्यामुळे परगावच्या पत्रातील जुने कात्रण हे बहुधा पुनर्मुद्रण, क्वचित पुनर्मुद्रणाचेही पुनर्मुद्रण असते. अशा कात्रणावर न विसंबता मूळ अंकच पाहावा आणि दिनांक, पृष्ठ व स्तंभ यांची नोंद तेथल्या तेथे करावी. अंकांच्या प्रतिमांत संगणकाने शब्द शोधता येतात खरे, परंतु झिजलेल्या खिळ्यांची अक्षरे यंत्राला नीट वाचता येत नाहीत, म्हणून संशयित महिन्याची पाने एकेक करून चाळण्याचा कंटाळा करू नये.

पत्रांवर ‘आल्टा’ने स्वामित्वहक्क सांगितला आणि तो वाद मिटवण्यासाठी ट्वेनला १८६८ मध्ये पनामामार्गे सॅन फ्रान्सिस्को गाठावे लागले. परवानगी मिळाल्यावर त्याने मजकूर पुन्हा हाताळला, आणि हस्तलिखितातून काय गाळावे हे सांगण्यास ब्रेट हार्ट या लेखकमित्राचे साहाय्य झाले. पश्चिम किनाऱ्यावरच्या वाचकांपुरती असलेली रांगडी बोली व धर्मस्थळांवरचे काही तिखट शेरे त्या ओघात कमी झाले. मूळ पत्रे डॅनियल मॅकीथन यांनी १९५८ मध्ये ग्रंथरूपाने संपादित केली असल्याने पाठभेद, म्हणजे एकाच मजकुराच्या दोन रूपांतील फरक, शेजारी शेजारी ठेवून तपासता येतात. त्या पत्रांना पुस्तकाचा कच्चा खर्डा मानण्याची रीत मात्र अन्यायाची आहे: ती पूर्ण छापली गेली, वाचली गेली आणि पुष्कळ ठिकाणी पुस्तकाहून अधिक जिवंत आहेत.

एका पुस्तकाचा हा इतिहास दुसऱ्यावर लादू नये. ट्वेन १८९६ मध्ये मुंबईस आला, त्याचे वर्णन १८९७ च्या ‘फॉलोइंग द इक्वेटर’ मध्ये आहे. पण ते पुस्तक तो प्रवास संपल्यावर लंडनमध्ये बसून लिहिलेले आहे, त्यामुळे त्यामागे ‘आल्टा’सारखी पत्रमाला शोधू गेल्यास श्रम वाया जातील. तेथे ताडून पाहायच्या आहेत त्या दोन आवृत्त्या, कारण इंग्लंडमध्ये तेच पुस्तक ‘मोअर ट्रॅम्प्स अब्रॉड’ या नावाने निघाले आणि त्याचा मजकूर अमेरिकी आवृत्तीशी तंतोतंत जुळत नाही.