एक्सेलमध्ये हरवलेले दोन अंक

प्रश्न : १११११११११ चा वर्ग आठवीतल्या मुलाने कागदावर १२३४५६७८९८७६५४३२१ काढला. एक्सेलमध्ये शेवटी ००च येतात. कोण चुकले? शिवाय उलटसुलट सारखी असल्याने ही मूळ संख्या आहे, असे तो म्हणतो.
– एक पालक, सांगली

उत्तर : निश्चिंत राहा, मुलाचा गुणाकार बिनचूक आहे. एक्सेल फक्त १५ अंक जपते. ही संख्या १७ अंकी. सेल ‘टेक्स्ट’ केली तर टाइप केलेले अंक टिकतात, पण गणित होत नाही. पायथनमध्ये पूर्ण उत्तर मिळेल.

मात्र ही संख्या मूळ नाही. कुठल्याही संख्येचा वर्ग मूळ असूच शकत नाही, आणि इथे अंकांची बेरीज ८१, म्हणजे ९ ने भाग जातोच. ३, ३७ आणि ३३३६६७ हे तिचे मूळ अवयव. १०१ उलटसुलट सारखी आणि मूळही आहे. १२१ मात्र ११ चा वर्ग.

मुलाला गुणाकाराची उभी मांडणी पुन्हा दाखवा. स्तंभांत एक, दोन, तीन असे वाढत मधे नऊ एक जमतात, मग उतरतात; हातचा कुठेच येत नाही. सगळे सौंदर्य तिथे आहे. दहा एक घेतले की मधे हातचा येतो आणि उत्तर १२३४५६७९००९८७६५४३२१ होते. ते उलटे वाचून पाहायला त्यालाच सांगा.