बॉल नको, खेळाडू बघा

हौशी गोल्फर असाल तर एकदा तरी प्रो खेळाडूंची स्पर्धा कोर्सवर जाऊन बघा. पुण्यात येरवड्याला पूना क्लबच्या गोल्फ कोर्सवर पीजीटीआयच्या स्पर्धा होतात. टीव्हीवर कॅमेरा बॉलमागे पळतो; तिथे तुम्हाला आख्खा माणूस दिसतो.

गर्दी असते पहिल्या टीवर, लांब ड्राइव्ह बघायला. तुम्ही मात्र ज्याचा बॉल झाडीत गेलाय त्याच्यामागे जा. आपण काय करतो? दोन फांद्यांच्या फटीतून थेट ग्रीनवर मारायला जातो, बॉल खोडाला लागतो आणि पार चारच्या होलला आठ फटके होतात. प्रो बहुतेक वेळा कॅडीशी दोन शब्द बोलतो आणि चक्क आडवा फेअरवेवर काढतो. गेला तो एक फटका गेला. होल पाचात संपतो. (बुडालेली ऑर्डर एकाच मोठ्या डीलमध्ये भरून काढायला मीही गेलोय, आणखी बुडालोय. म्हणून हे मला जास्त दिसतं.)

फटक्याआधीचे त्याचे सेकंद मनात मोजा. पहिल्या होलला जेवढे, साधारण तेवढेच अठराव्याला.

आणि अर्धा तास लवकर पोचा. पटिंग ग्रीनवर तीन-चार फुटांवरून तो किती वेळा मारतो, ते बघा. फोन सायलेंट ठेवा, बरं का!