खिशात मावणारा माउस आणि दुखणारं मनगट

फेब्रुवारी उजाडला की तासगावात दोन हंगाम एकदमच सुरू होतात. बाजार समितीत बेदाण्याचे सौदे जोर धरतात आणि अडत्यांच्या पेढ्या, पतसंस्था, कर सल्लागारांची ऑफिसं इथं ३१ मार्चची घाई चालू होते. याच दिवसांत हाताचं दुखणं घेऊन येणारे रुग्ण वाढतात. कुणाचं मनगट, कुणाचा अंगठा, कुणाचं कोपर. २०२० च्या टाळेबंदीपासून त्यांत पुण्या-मुंबईच्या कंपन्यांचं काम गावातल्या घरी बसून करणारी तरुण मंडळीही आली. लॅपटॉपबरोबर एखादा चपटा, छोटा वायरलेस माउस घेतलेला असतो आणि प्रश्न ठरलेला असतो: "डॉक्टर, माउस बदलू का? कुठला घेऊ?"

उत्तर आधीच सांगून टाकतो. खिशात मावणारा माउस प्रवासाला चांगला, दिवसभराच्या कामाला नव्हे. आणि जो माउस वारंवार अडखळतो, तो कितीही महाग असला तरी हाताला वाईटच.

छोट्या माउसवर हात कसा राहतो?

नेहमीच्या आकाराच्या माउसवर तळवा टेकतो आणि बोटं सैल पडतात. चपट्या माउसवर तळव्याला टेकायला जागाच नसते. मग अंगठा आणि करंगळी दोन्ही बाजूंनी त्याला चिमटीत धरतात आणि तर्जनी बटणावर अधांतरी राहते. एक प्रयोग करून पाहा. उजवा हात टेबलावर पालथा ठेवा, डाव्या हाताची बोटं उजव्या कोपराच्या थोडी पुढं, वरच्या बाजूला ठेवा आणि उजवी तर्जनी फक्त उचला. स्नायू ताठ झालेला जाणवेल. बोट अधांतरी आहे तोवर तो स्नायू कामावरच असतो. हे स्नायू कोपराच्या बाहेरच्या हाडाला जोडलेले असतात, म्हणून माउस बोटाखाली आणि दुखणं कोपरात, असं होतं.

अडखळणारा माउस

माउसचा भरवसा आणि हाताची प्रकृती यांचा संबंध सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. पडद्यावरचा बाण थांबला, उडी मारून भलतीकडं गेला किंवा क्लिक लागलं नाही, की आपण काय करतो? माउस घट्ट धरतो, बटण जोरात दाबतो, परत परत दाबतो, खांदा वर ओढतो. हे नकळत होतं आणि दिवसभर होत राहतं. त्यामुळं माउस नीट चालवणं हा हाताच्या उपचाराचाच भाग समजा. बहुतेक वेळा कारण साधं असतं.

- सेल उतरलेला असतो. सेल संपेपर्यंत वाट पाहू नका, एक जोड खणात ठेवा. चार्जिंगचा माउस असेल तर रात्री चार्जिंगला लावून ठेवा.
- यूएसबीत लावायचा छोटा रिसीव्हर संगणकाच्या मागं, लोखंडी डब्याच्या आडोशाला असतो. तो पुढच्या बाजूला लावा.
- शेजारच्या यूएसबी ३.० च्या पोर्टला, म्हणजे बऱ्याच संगणकांवर आतून निळ्या दिसणाऱ्या पोर्टला, पेन ड्राइव्ह किंवा हार्ड डिस्क जोडलेली असते. त्यातून निघणारा रेडिओ गोंगाट २.४ गिगाहर्ट्झच्या माउसला त्रास देतो. दोन्ही लांब लांब लावा, किंवा छोट्या एक्स्टेंशन केबलनं रिसीव्हर टेबलावर घ्या.
- टेबलाला काच असते. पेढ्यांवर हे हमखास दिसतं. साध्या ऑप्टिकल माउसला काचेवर पृष्ठभाग नीट 'दिसत' नाही. माउसपॅड नसेल तर जाड कागदाची वहीसुद्धा चालते.
- एका क्लिकला दोन क्लिक लागत असतील तर आतलं बटण झिजलंय. आता माउस बदला.

बाग आणि संगणक, हात एकच

आपल्या भागातली खास अडचण इथं आहे. सकाळी द्राक्षबागेत छाटणीची कात्री किंवा मण्यांची विरळणी, दुपारनंतर पेढीवर किंवा घरी संगणक, असा दिवस असणारे पुष्कळ आहेत. कात्री जोरानं आवळावी लागते, विरळणीत बोटांची तीच हालचाल तासन्‌तास चालते. मनगटाच्या दुखण्याला माउसपेक्षा असं जोराचं काम जास्त कारणीभूत ठरतं. माउस त्यात भर घालतो, कारण सकाळी दमलेल्या स्नायूंना दुपारी सावरायला वेळच मिळत नाही. छाटणीच्या दिवसांत संगणकाचं लांबलचक काम पुढं ढकला, आणि ते जमत नसेल तर माउस दुसऱ्या हातात घ्या.

बसणं आणि धरणं

हिशोबाच्या कामात कीबोर्डच्या उजवीकडची आकड्यांची कळपट्टी लागतेच. तिच्यामुळं माउस लांब उजवीकडं जातो, दंड अंगापासून सुटतो, खांदा भरून येतो. उपाय बिनपैशाचा आहे: आकडे उजव्या हातानं, माउस डाव्या हातानं. पहिले काही दिवस चिडचिड होईल, मग सवय होते. मात्र त्यासाठी माउस दोन्ही बाजूंना सारखा असलेला घ्या; उजव्या हातासाठी घडवलेला डाव्या हाताला त्रास देईल. ज्यांना आकड्यांची पट्टी लागत नाही, त्यांनी ती नसलेला आखूड कीबोर्ड घ्यावा.

कोपर अंगाजवळ, साधारण काटकोनात. मनगट सरळ, ना वर मुडपलेलं, ना करंगळीकडं वळलेलं. हालचाल मनगटातून नको, कोपरापासून अख्खा हात हलू दे. मनगटाखाली जेलची उशी असली तरी ती थांबल्यावर टेकायला. तिच्यावर मनगट दाबून माउस फिरवू नये. गादीवर मांडी घालून, लॅपटॉप बैठ्या डेस्कवर ठेवून काम करत असाल, तर माउसही त्याच उंचीवर हवा, खाली गादीवर नको.

सेटिंगमध्ये जाऊन बाणाचा वेग थोडा वाढवा. हात कमी फिरेल. कॉपी, पेस्ट, सेव्ह यांसाठी कळा वापरा. दर अर्ध्या तासानं माउस सोडा, मुठी उघडा-मिटा, खांदे मागं फिरवा, उठून पाणी प्या. एक मिनिट पुरतं.

माउस घेताना

डबा पाहून घेऊ नका, हात ठेवून पाहा. तळवा टेकला पाहिजे, बोटं बटणांवर सैल पडली पाहिजेत, बटण हलक्या दाबानं लागलं पाहिजे. दुकानदाराला रिसीव्हर लावून दाखवायला सांगा. मोठ्या पेन्सिल सेलचं वजन वीसेक ग्रॅम असतं, बारीक सेलचं त्याच्या निम्मं. माउस सतत उचलून ठेवायची सवय असेल तर हलका निवडा. उभा, हस्तांदोलनासारखा धरायचा माउस काहींना आराम देतो, कारण हात पालथा करावा लागत नाही. पण त्यानं मनगटातल्या नसेवरचा दाब बरा होतो, असं समजू नका. फिरतीसाठी छोटा माउस पिशवीत असू द्या, घरच्या आणि पेढीवरच्या टेबलावर मोठा ठेवा.

दोन शंका

वायरलेस माउसच्या लहरींनी अपाय होतो का? नाही. त्याची शक्ती मोबाइलपेक्षा पुष्कळ कमी असते आणि या लहरी क्ष-किरणांच्या जातीच्या नव्हेत.

सेल गळून आत बुरशीसारखा पांढरा थर दिसला तर? अल्कलाइन सेलमधला तो द्राव दाहक असतो. बोटानं खरवडू नका, हातमोजा घालून पुसा. त्वचेला लागला तर भरपूर पाण्यानं धुवा. डोळ्यात गेला तर लगेच वाहत्या पाण्यानं धूत राहा आणि डॉक्टर गाठा. माउस बरेच दिवस वापरणार नसाल तर सेल काढून ठेवा.

डॉक्टरांकडं कधी यायचं?

अंगठा, तर्जनी, मधलं बोट यांत मुंग्या येतात, रात्री झोप मोडते, हात झटकल्यावर बरं वाटतं, करंगळी मात्र ठीक असते: ही मनगटातली मीडियन नस दाबली गेल्याची, म्हणजे कार्पल टनेलची, खूण आहे. ती केवळ माउसमुळं होते असं म्हणता येत नाही. मधुमेह, थायरॉइडची कमतरता, गरोदरपण, संधिवात, वाढलेलं वजन ही कारणं आपल्याकडं नेहमी सापडतात. माउसवर खापर फोडताना साखर तपासायची राहून जाते, हा खरा धोका. रात्री मनगट सरळ ठेवणारा पट्टा, गरज पडली तर इंजेक्शन किंवा छोटी शस्त्रक्रिया, असे उपाय आहेत. वस्तू हातातून पडू लागल्या किंवा अंगठ्याखालचा उंचवटा सपाट होऊ लागला तर थांबू नका. उशीर झाला की गेलेली ताकद पूर्ण परत येईलच असं नाही.

अंगठ्याच्या मुळाशी दुखत असेल, मान वळवली की हातात कळ जात असेल, तर कारण वेगळं असू शकतं, तपासून घ्या. आणि हातात ठणका, त्याबरोबर छातीत दाब, घाम किंवा दम असेल, तर माउसचा विचार सोडा आणि थेट रुग्णालयात जा.

औषधाच्या दुकानातून वेदनाशामक गोळ्या घेऊन मार्चअखेर ढकलू नका. रक्तदाब आणि मूत्रपिंडाचा त्रास असणाऱ्यांना त्या महागात पडतात. आज संध्याकाळी एवढंच करा: टेबलावरची काच झाका, सेल बदला, माउस अंगाजवळ घ्या. दोन आठवड्यांत फरक पडला नाही, किंवा मुंग्या रात्री झोपेतून उठवू लागल्या, तर साखर आणि थायरॉइडचे रिपोर्ट घेऊन आपल्या डॉक्टरांना हात दाखवा.