म्हातारा शेवटी कुणासाठी मेला?

प्रश्न : माझे सासरे (आम्ही त्यांना अण्णा म्हणतो) फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झाले. १९७१च्या लढाईत ते होते, पण त्याबद्दल घरात अवाक्षर काढत नाहीत. मागच्या रविवारी आम्ही सगळ्यांनी मिळून क्लिंट ईस्टवुडचा 'ग्रॅन टोरिनो' पाहिला. मिस्टर म्हणाले, म्हातारा आजारी होता, असाही मरणारच होता, त्यात त्याग कसला? पुण्याला शिकणारी मुलगी तर चिडलीच. तिच्या मते पिक्चर सरळसरळ वंशद्वेषी आहे. मी आपली शेवटी डोळे पुसत बसले होते. आणि अण्णा शेवटच्या मारामारीच्या आधीच उठून ओट्यावर जाऊन बसले. सगळं इंग्रजी, कंटाळले असतील. एका पिक्चरबद्दल एकाच घरात इतकी वेगळी मतं कशी? आणि आमच्यातलं बरोबर कोण?
– एक वाचक, सातारा जिल्हा

उत्तर : ज्यांनी हा चित्रपट पाहिलेला नाही आणि पाहायचा आहे, त्यांनी इथेच थांबावं. शेवट सांगितल्याशिवाय या प्रश्नाचं उत्तर देता येत नाही.

वॉल्ट कोवाल्स्की हा पोलिश वंशाचा अमेरिकन. तरुणपणी कोरियाच्या युद्धात लढला, परत येऊन वर्षानुवर्षं फोर्डच्या कारखान्यात राबला. बायको नुकतीच गेली आहे. मुलं आहेत, पण वाढदिवसाला मोठ्या आकड्यांचा फोन आणि वृद्धाश्रमाची माहितीपत्रकं घेऊन येणारी. त्यातला एक जपानी गाड्या विकतो, हे वॉल्टच्या लेखी घरभेदीपणाच. आळीतले जुने शेजारी घरं सोडून गेलेत आणि शेजारी मूळच्या लाओसमधल्या मोंग जमातीचं एक कुटुंब राहायला आलंय : आजी, आई, तल्लख मुलगी स्यू आणि बुजरा मुलगा थाओ. गुंडांच्या टोळीत शिरण्यासाठी थाओला वॉल्टची १९७२ची ग्रॅन टोरिनो गाडी चोरायला लावतात, तो पकडला जातो, आणि तिथून शिव्या घालतघालत म्हातारा त्या घराचा होऊन जातो. टोळी स्यूवर बलात्कार करते. वॉल्ट एकटा त्यांच्या दारात जातो, सिगारेट तोंडात धरतो, पिस्तूल काढावं तसा कोटात हात घालतो, आणि ते त्याची चाळण करतात. हातात निघतो लायटर. साक्षीला सगळी आळी उभी. टोळी तुरुंगात जाते.

ईस्टवुड तेव्हा ७८ वर्षांचा होता. दिग्दर्शनही त्याचंच. २००८च्या डिसेंबरात आलेल्या या चित्रपटाला ऑस्करचं एकही नामांकन मिळालं नाही. जगभरात मात्र त्याने सुमारे २७ कोटी डॉलर कमावले, आणि फ्रान्सने त्याला सर्वोत्तम परदेशी चित्रपटाचा सेझार पुरस्कार दिला. म्हणजे मतभेद तुमच्याच घरात झाले असं नाही.

आधी मिस्टरांचं बघू, कारण ते लवकर आटपतं. वॉल्टला खोकल्यातून रक्त पडतं, तपासणीचे कागद येतात, आजाराचं नाव चित्रपट शेवटपर्यंत सांगत नाही. मरणाऱ्या माणसाने मरण दिलं तर त्यात काय दिलं, हा सवाल अनेकांनी केला आहे. काहींनी तर याला सरळ आत्महत्या म्हटलं. मला हा हिशेब वाण्याच्या वहीसारखा वाटतो. वॉल्टने त्या रात्री आयुष्य सोडलं हे खरं, पण त्याहून अवघड असं एक त्याने सोडलं : बंदूक. त्याच्याकडे कोरियातली एम-वन रायफल आहे, नेम चांगला आहे, राग त्याहून चांगला आहे. प्रेक्षक 'डर्टी हॅरी'पासून, म्हणजे १९७१पासून, या नटाला पिस्तुलाने निकाल लावताना बघत आले होते. थेटरातल्या माणसाला त्या रात्री रक्त हवं असतं, आणि म्हातारा त्याला फक्त स्वतःचंच देतो. सदतीस वर्षांची सवय मोडण्यासाठी प्रकृती ठणठणीत असावी लागते असं नाही.

आता तुमची मुलगी. तिच्यावर जास्त थांबतो, कारण ती एक गोष्ट बरोबर बोलते आहे आणि मला ती कळायला वेळ लागला. पहिल्यांदा हा चित्रपट पाहिला तेव्हा न्हाव्याच्या दुकानातल्या प्रसंगाला मी खळखळून हसलो होतो. वॉल्ट थाओला 'बाप्यांसारखं बोलायला' शिकवायला तिथे नेतो. न्हावी इटालियन वंशाचा. वॉल्ट त्याच्या जातकुळीचा उद्धार करतो, तो वॉल्टच्या पोलिशपणाचा करतो, दोघेही खूश. आपल्याकडेही शिवीशिवाय 'राम राम' न करणारे दोस्त असतातच. वॉल्टची बाजू घेणारे याच प्रसंगाकडे बोट दाखवतात : बघा, तो सगळ्यांनाच बोलतो, ही त्याची भाषा आहे, मनात काही नाही.

मग थाओ तेच बोलून बघतो, आणि न्हावी बंदूक रोखतो. गंमतीतच. पण पाहा, न्हाव्याला वॉल्टची शिवी परत करता येते, पोराला येत नाही. शिव्यांची दोस्ती ही उसनवारी असते, दिली तेवढी परत आली तरच चालते. वॉल्ट शेजाऱ्यांना आशियाई माणसासाठी अमेरिकेत असतील-नसतील तेवढे सगळे अपशब्द वापरतो, थाओचं नाव मोडून त्याचा बेडूक करतो, आणि शेजारी शिधा आणावा तसे त्याच्या पायरीवर डबे आणि फुलं आणून ठेवतात. परत काहीच येत नाही.

थाओचं काम करणारा बी वांग हा मिनेसोटातला सोळा-सतरा वर्षांचा शाळकरी पोरगा होता, आधी कधी कॅमेऱ्यासमोर न गेलेला. पुढे त्याने या चित्रपटाची थट्टा करणारी एक छोटी फिल्म केली. २०२१मध्ये, करोनाच्या काळात अमेरिकेत आशियाई चेहऱ्यांवर हल्ले होत असताना, त्याने लेख लिहून सांगितलं की गोऱ्या प्रेक्षकांनी भरलेल्या थेटरात त्या अपशब्दांवर उठणारं हसू ऐकून त्याला कसंसंच व्हायचं. चित्रपटाने आशियाई लोकांना पडद्यावर जागा दिली आणि त्यांच्याबद्दलच्या तिरस्काराला घराघरात वाटही दिली, असं त्याचं म्हणणं. हे वाचल्यावर मला माझं खळखळून हसणं आठवलं. दुसऱ्यांदा पाहताना त्या दुकानात हसायला जमलं नाही.

पण वंशद्वेषी म्हणून अख्खा चित्रपट मोडीत काढायला मी तयार नाही. मोंग प्रेक्षकांमध्येही दोन्ही सूर होते. चालीरीती चुकीच्या दाखवल्या म्हणून काही चिडले, आणि आपली भाषा, आपली माणसं हॉलिवूडच्या मोठ्या पडद्यावर पहिल्यांदाच दिसली म्हणून काही हरखले. मोंग पात्रांची कामंही खऱ्या मोंग लोकांनीच केली आहेत, बहुतेक सगळे नवखे. पान खाऊन वॉल्टपेक्षा लांब पिंक टाकणारी ती आजी तर मला आपल्याकडच्या कुठल्याही वाड्यात शोभेल अशी वाटली. वॉल्ट तंबाखू थुंकतो, ती त्याच्याकडे बघत पिचकारी मारते, आणि सामना तिथेच संपतो. थुंकीची थुंकीने परतफेड जमलेली चित्रपटात ती एकटीच.

माझी तक्रार शिव्यांपेक्षा दोन वेगळ्या गोष्टींबद्दल आहे. पहिली स्यूची. ती या कथेतली सगळ्यात हुशार, वॉल्टला तोंडावर उत्तर देणारी मुलगी. तिच्यावर अत्याचार होतो, कारण वॉल्टला शेवटच्या रात्रीकडे न्यायचं असतं. त्यानंतर ती जवळजवळ बोलतच नाही. म्हातारा सुधारतो, आणि त्याच्या सुधारण्याचा खर्च तिच्या अंगावर पडतो.

दुसरी गोष्ट अण्णांना जास्त जवळची वाटेल. मोंग अमेरिकेत का आले? व्हिएतनाम युद्धाच्या काळात शेजारच्या लाओसमध्ये अमेरिकेच्या सीआयएने एक गुप्त लढाई चालवली होती, आणि ती लढायला डोंगरातले मोंग तरुण उभे केले होते, अगदी कोवळी पोरंसुद्धा. १९७५मध्ये अमेरिका निघून गेली, लाओसमध्ये कम्युनिस्ट सत्तेवर आले, आणि अमेरिकेच्या बाजूने लढले म्हणून मोंगांची शिकार सुरू झाली. मेकाँग नदी ओलांडून ते थायलंडच्या छावण्यांत गेले, तिथून मिनेसोटा, विस्कॉन्सिन, कॅलिफोर्निया. तेव्हा वॉल्टच्या शेजारच्या घरात खरं तर आणखी एक म्हातारा सैनिक बसलेला असायला हवा होता. त्याच अमेरिकेसाठी लढलेला, बहुधा जास्त गमावलेला, आणि ज्याच्या खोक्यात वॉल्टसारखं रुपेरी पदक नाही. या मोंग सैनिकांना अमेरिकेच्या राष्ट्रीय दफनभूमीत जागा मिळण्याचा कायदा झाला तोच मुळी २०१८मध्ये. चित्रपट हा सगळा इतिहास स्यूच्या तोंडी गाडीतल्या दोनचार वाक्यांत उरकतो, आणि त्या घरात कर्ता पुरुषच ठेवत नाही. ठेवला असता तर वॉल्टला शिकवायला कोण उरलं असतं? दोन म्हातारे आपापल्या ओट्यावर बसून एकमेकांकडे बघताहेत, असा चित्रपट मला जास्त बघायला आवडला असता. असो, तो कुणी केला नाही.

जाताजाता एक. चित्रपट डेट्रॉइटमध्ये घडतो, पण मुळात ही कथा तिथली नव्हतीच. पटकथा लिहिणारा निक शेंक मिनेसोटाचा, तिथल्या कारखान्यात त्याच्यासोबत मोंग कामगार होते. मिशिगन राज्याने चित्रपटांना करात घसघशीत सवलत दिली म्हणून कथेने गाव बदललं, आणि चित्रीकरण बरंचसं हायलंड पार्कात झालं, जिथे १९१३मध्ये फोर्डने मोटार जोडणीचा सरकता पट्टा सुरू केला. फोर्डचा पेन्शनर असा सवलतीच्या पैशाने फोर्डच्या गावी पोचला. ओस पडलेली ती घरं मात्र सेट लावून उभी करावी लागली नाहीत.

आता तुमचं रडणं. तुम्ही शेवटच्या गोळीबाराला रडलात की मृत्युपत्रात गाडी थाओच्या नावे निघाली तेव्हा, ते लिहिलेलं नाही. दोन्ही जागा हुकमी आहेत, ईस्टवुड कसलेला माणूस आहे. पण चित्रपटातली माझ्या मते सगळ्यात खरी जागा त्याच्या थोडी आधी येते, आणि ती अनेकांच्या नजरेतून निसटते.

बायकोची इच्छा म्हणून वॉल्ट अखेरीस चर्चमध्ये कबुलीजबाबाला जातो. तरुण पाद्री श्वास रोखून बसलेला, आता कोरिया बाहेर पडणार म्हणून. वॉल्ट सांगतो काय? एका नाताळच्या पार्टीत परस्त्रीचं चुंबन घेतलं. एक बोट विकली आणि त्यावरचा कर भरला नाही. मुलांशी जवळीक जमली नाही. बस. पाद्री चक्रावतो. मग वॉल्ट घरी येतो, बदल्याच्या आगीने पेटलेल्या थाओला तळघरात नेतो, स्वतःचं पदक त्याला देतो आणि बाहेरून कडी घालतो. पोरगं दार बडवतंय, आणि जाळीच्या दारापलीकडून म्हातारा त्याला सांगतो : ज्याच्यासाठी मला पदक मिळालं ते काय होतं माहीत आहे? शरण येऊ पाहणारं एक घाबरलेलं पोर मी गोळी घालून मारलं, तुझ्याच वयाचं. एक दिवस जात नाही त्याची आठवण आल्याशिवाय.

चर्चच्या कबुलीच्या खोलीतही पाद्री आणि माणूस यांच्यामध्ये जाळीच असते. पण खरी कबुली तिथे झाली नाही. ती झाली त्या मेलेल्या पोरासारखाच चेहरा असलेल्या मुलासमोर. इथे मला वाटतं, तुमच्या मुलीलाही थोडं नमतं घ्यावं लागेल. आधी दिलेल्या सगळ्या शिव्या कशाला झाकत होत्या, ते या एका मिनिटात कळतं.

त्या कोरियाशी आपला एक धागाही आहे. १९५३मध्ये शस्त्रसंधी झाली तेव्हा मायदेशी परत जायला नकार देणारे बावीस हजारांहून जास्त युद्धकैदी उरले. दोन्ही बाजूंना त्यांच्यावर ताबा हवा होता आणि कुणाचा कुणावर विश्वास नव्हता. ते कैदी सांभाळायला भारताने फौज पाठवली, आणि तिचे प्रमुख होते आपल्या कोल्हापूरकडचे मेजर जनरल एस. पी. पी. थोरात. वॉल्टने ज्याला मारलं त्याच्यासारख्या हजारोंना, म्हणजे शस्त्र खाली ठेवलेल्या, घाबरलेल्या, चिडलेल्या पोरांना, भारतीय जवानांनी तारेच्या कुंपणाशी उभं राहून कित्येक महिने सांभाळलं. १९७१च्या डिसेंबरात पूर्व पाकिस्तानात सुमारे ९३ हजार पाकिस्तानी शरण आले, तेव्हा हेच काम पुन्हा अंगावर आलं. शरण आलेल्याकडे बघणं म्हणजे काय, हे त्या पिढीच्या फौजी माणसाला सबटायटल लावून सांगावं लागत नाही.

म्हणून तुमच्या चौथ्या मताकडे येतो. बरोबर कोण, असं विचारलंत. तुम्ही तिघंही बहुधा एकाच चित्रपटाबद्दल बोलत नव्हता : मिस्टर डॉक्टरच्या कागदांबद्दल बोलत होते, मुलगी न्हाव्याच्या दुकानाबद्दल, तुम्ही मृत्युपत्राबद्दल. अण्णा काहीच बोलले नाहीत, आणि तुम्ही लिहिता की इंग्रजीला कंटाळून उठले असतील. पण दीड तासाच्या वर तेच इंग्रजी ते बसून ऐकत होते. शेवटच्या मारामारीच्या ऐन आधी येतं ते तळघर.

मिस्टरांना एवढंच विचारून बघा, अण्णा उठले तेव्हा पडद्यावर जाळीचं दार होतं का.