अण्णा सांगून गेले, लिहून नाही

"माझी वेळ आली की मला नळ्या लावून पाडून ठेवू नका." अण्णा हे जेवताना म्हणायचे, कुणाच्या दहाव्याहून परत आले की म्हणायचे. आई "शुभ बोला" म्हणून विषय मोडायची. आम्हीही मान खाली घालून जेवत राहायचो.

८१व्या वर्षी एका रात्री त्यांना धाप लागली. फुप्फुसांचं जुनंच दुखणं होतं. दवाखान्यात अर्ध्या तासात सहीचा कागद पुढे आला, मी सही केली, व्हेंटिलेटर लागला. बाराव्या दिवशी मूत्रपिंडं थकली, डायलिसिसचं विचारलं तेव्हा मी म्हटलं, "आता पुरे, अण्णांना हे नको होतं." परदेशातला धाकटा भाऊ फोनवर ओरडला, "ताई, पैशाचं मी बघतो, थांबवायचं नाव काढू नकोस!" अण्णा त्याच्यासमोर हे कधी बोललेच नव्हते. मी खर्चाला भ्यायले असं त्याला वाटलं, ते अजून सलतं. डॉक्टरांना तरी काय बोल लावणार? त्यांच्यापुढे दोन मुलांची दोन तोंडं होती आणि अण्णांचा शब्द कुठेच नव्हता.

नळी ओढून काढू नये म्हणून त्यांचे दोन्ही हात बँडेजच्या पट्टीने पलंगाच्या कठड्याला बांधले होते. चाळीस वर्षं फळ्यावर मोत्यासारखं अक्षर काढणारे हात. भेटीच्या दहा मिनिटांत मी पट्टी जरा सैल करायचे. मनगटावर वळ उठलेले दिसायचे. बाविसाव्या दिवशी ते गेले.

अण्णांनी जे नुसतं सांगितलं, ते आता कायद्याने लिहून ठेवता येतं. मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयातल्या परिचारिका अरुणा शानबाग जवळपास ४२ वर्षं अंथरुणाला खिळून होत्या. त्यांच्याबद्दलच्या २०११च्या निकालाने, बरं होण्याची आशा नसलेल्या माणसाचे उपचार थांबवावेत का, हा प्रश्न देशापुढे आला. ९ मार्च २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अशा वेळी कोणते उपचार नकोत हे आधीच लिहून ठेवणारं वैद्यकीय इच्छापत्र, म्हणजे लिव्हिंग विल, मान्य केलं. तेव्हा त्यावर न्यायदंडाधिकाऱ्याची सही लागायची, म्हणून फारसं कुणी त्या वाटेला जात नसे. जानेवारी २०२३पासून दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरे होतात. साक्षीदार शक्यतो घराबाहेरचे, त्रयस्थ असावेत.

गेल्या वर्षी मी आणि यजमानांनी आपापली इच्छापत्रं केली. पहिल्या मसुद्यात मी नुसतं "नळ्या नकोत" लिहिलं होतं. आमच्या फॅमिली डॉक्टरांनी ते खोडायला लावलं. न्यूमोनियात चार दिवस व्हेंटिलेटर लावून माणूस चालत घरी येतो, अशा वेळी व्हेंटिलेटर कशाला नाकारायचा? म्हणून लिहिलं: बरं होण्याची आशा उरली नाही, असं डॉक्टरांचं मत झालं, तर व्हेंटिलेटर, डायलिसिस, छाती दाबून हृदय चालू करणं नको, वेदना आणि धाप कमी करणारी औषधं मात्र शेवटपर्यंत द्या. हे शेवटचं वाक्य विसरू नका. उपचार थांबवणं म्हणजे माणसाला तळमळत सोडणं नव्हे.

आपल्याला बोलता येणार नाही तेव्हा आपल्या वतीने बोलणाऱ्यांची नावंही त्यात लागतात. एकापेक्षा अधिक देता येतात. लाडका मुलगा निवडू नका, आयसीयूच्या दाराशी डळमळणार नाही असं माणूस निवडा. एक प्रत फॅमिली डॉक्टरांकडे आणि एक महापालिका, नगरपालिका किंवा पंचायतीने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे द्यायची. मन बदललं तर कागद कधीही लेखी रद्द करता येतो. शिवाय कागद दाखवला की लगेच यंत्र बंद, असं होत नाही. दवाखान्याचं एक आणि त्यानंतर दुसरं, अशी दोन वैद्यकीय मंडळं आधी तपासून मत देतात, मग न्यायदंडाधिकाऱ्यांना कळवलं जातं. आपल्या माघारी कुणी गैरफायदा घेईल ही भीती वाटणाऱ्यांसाठी हे सांगते.

इच्छापत्राची प्रत मी भावालाही पाठवली आणि फोनवर त्याच्याकडून ती मोठ्याने वाचून घेतली. मधे तो बराच वेळ गप्प होता. तुमच्याही घरात असा एक दूर राहणारा, तुमची इच्छा कधी न ऐकलेला माणूस असेल. कागदावर सही करायच्या आधी त्याला फोन करा.